सहा तारांची सेवा : कौशल्य आणि भक्ति यांचा जुना वाद

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं देवळाच्या वेदीचा, घंटांचा व थोर धर्मगुरूंचा इतिहास इतर लेखकांनीं सांगितलाच असेल. प्रस्तुत लेखकाच्या वांट्यास आलेला विषय त्या मानानें लहान, केवळ सहा तारांचा आहे. परंतु दरसाल नाताळच्या तालमी सुरू झाल्या म्हणजे गायनवृंदांत जो एक जुना वाद नव्यानें डोकें वर काढतो, त्याचें मूळ या सहा तारांतच आहे. तरुण मंडळींचें म्हणणें असें कीं, हात तयार नसतां देवापुढें वाजविणें म्हणजे पाहुण्यास कच्चें अन्न वाढणें होय. वडील मंडळींचें म्हणणें असें कीं, हात कितीहि तयार असला तरी अंतःकरण नसेल तर तो नुसता तारांचा खणखणाट होय. दोन्ही पक्ष देवाच्या सेवेसाठींच भांडतात, तेव्हां हा वाद वाईट आहे असें नव्हे. परंतु त्या वादांत कधीं एखादा गुणी मुलगा रुसून तालमीस येईनासा होतो. कधीं एखाद्या वृद्ध मातेनें लहानपणापासून ज्या गीताच्या आधारें प्रार्थना केली, तें गीतच तिला ओळखूं येत नाहीं. ही हानि लहान नाहीं. म्हणून या वादाचा इतिहास एकदां नीट न्याहाळावा असें मनांत आलें.

वरळीच्या बी. डी. डी. चाळींत ज्यांनीं दिवस काढले आहेत, त्यांस या वादाचीं दोन्ही अंगें अनुभवानें ठाऊक आहेत. इ. स. १९२० मध्यें स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनें बांधलेल्या या चाळी. एकट्या वरळींत त्यांची संख्या १२१; तळमजला व वर तीन मजले; प्रत्येक चाळींत ८० खोल्या; खोलीचें क्षेत्रफळ सुमारें १६० चौरस फूट; आणि दोहों बाजूंच्या खोल्यांमधून जाणारा एकच बोळ. अशा खोलींत जो मुलगा गिटार हातीं घेतो, त्यास एकांत म्हणून लाभत नाहीं. तो सरगम घोटूं लागला कीं समोरचें दार लोटलें जातें. त्यानें ओळखीची चाल धरली कीं तेंच दार उघडतें. सराव कोणास नको, गाणें सर्वांस हवें! आणि सरावावांचून गाणें येत नाहीं, ही गोष्ट तर त्या बोळाइतकीच सरळ आहे.

हा प्रश्न आपल्याच काळीं उत्पन्न झाला, असें कोणीं समजूं नये. संत आगस्तीन (३५४–४३०) यांनीं 'कन्फेशन्स' नामक आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या भागांत याच प्रश्नाशीं झगडा केला आहे. आपल्या मनःपरिवर्तनाच्या दिवसांत ख्रिस्तसभेचीं गीतें ऐकून आपले डोळे कसे भरून येत, हें ते कृतज्ञतेनें आठवतात. आणि त्याचबरोबर अशीहि कबुली देतात कीं, जेव्हां गाइलेल्या अर्थापेक्षां गाण्याच्या गोडीनेंच आपलें मन अधिक हलतें, तेव्हां आपल्या हातून दोष घडतो व तें गाणें ऐकलें नसतें तर बरें, असें वाटतें. तथापि देवळांत गायन असावें, याकडेच त्यांचा अखेरचा कल आहे. कारण कानाच्या आनंदाच्या द्वारें दुबळें मनहि भक्तीकडे चढूं शकतें. येथें लक्षांत घेण्याजोगें हें कीं, संतांनीं बोट ठेविलें तें केवळ कौशल्याच्या गर्वावर नव्हे. भावनेचें भरतेंहि माणसास फसवूं शकतें. डोळ्यांत पाणी आलें म्हणजे प्रार्थना झालीच, असें नाहीं.

आतां प्रत्यक्ष वाद्याकडे वळूं. ऑर्गनचा स्वर बोट पट्टीवर आहे तोंवर टिकतो; व्हायोलिनचा स्वर गज फिरतो आहे तोंवर टिकतो; विजेच्या साहाय्याविना वाजणाऱ्या लाकडी गिटारीचा स्वर मात्र तार छेडली त्याच क्षणापासून विरूं लागतो. मोठ्या देवळाच्या छताखालीं तो दुबळा पडतो. या वाद्याचें सारें कौशल्य त्या विरणाऱ्या स्वरास धरून ठेवण्यासाठीं जन्मास आलें, आणि त्याचें सारें माधुर्यहि त्या विरण्यांतच आहे.

इ. स. १६७४ मध्यें स्पेनमधील सारागोसा येथें गास्पार सान्स यांचा गिटारशिक्षणाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सान्स हे सालामांका येथें ईश्वरविज्ञान शिकलेले धर्मगुरु होते. त्या काळच्या गिटारीस जोडतारांच्या पांच ओळी असत. सर्व तारांवरून हात फिरवून ताल व स्वरसंघ धरण्याची एक पद्धति, आणि एकेक तार निरनिराळी छेडून चाल गुंफण्याची दुसरी. सान्स यांनीं एकाच ग्रंथांत दोन्ही शिकविल्या आहेत. पहिली थोड्या अभ्यासानें साधते व चारचौघांच्या गाण्यास आधार देते. दुसरीस वर्षांची मेहनत लागते. आपल्या गायनवृंदांतील दोन पक्ष म्हणजे या दोन पद्धतींचेच वारस होत.

पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत गिटारीस सहा एकेरी तारा आल्या, आणि त्याबरोबर कौशल्याचा वाद अगदीं बोटांच्या टोकांवर येऊन ठेपला. बार्सेलोनाचे फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) हे माँटसेराट येथील बेनेडिक्टाइन मठाच्या गायनशाळेंत वाढलेले. ते नखांचा स्पर्श न करितां केवळ बोटांच्या मांसल टोकांनीं तारा छेडीत; त्यामुळें स्वर गोल व मृदु येई. माद्रिदचे दियोनिसिओ अग्वादो (१७८४–१८४९) नखांनीं छेडीत. त्यामुळें स्वर लख्ख व स्पष्ट येई व द्रुतगति साधे. सोर यांनीं १८३० सालच्या आपल्या शिक्षणग्रंथांत नखांच्या वादनाविषयीं आपली नापसंती स्पष्ट नोंदविली. परंतु अग्वादो यांच्या वादनांत इतर गुण एवढे थोर आहेत कीं त्यांपुढें हा दोष क्षम्य ठरतो, असेंहि त्यांनीं मोकळ्या मनानें लिहिलें. एवढ्यावरच ते थांबले नाहींत. पॅरिसमध्यें उभयतांचा स्नेह होता. त्या स्नेहाखातर सोर यांनीं दोन गिटारींसाठीं एक युगुलरचना केली व तिला 'दोन मित्र' असें नांव दिलें. मतभेद न मिटवितां एकत्र वाजवितां येतें, याचा याहून सुंदर दाखला आमच्या पाहण्यांत नाहीं. आमच्या तालमींच्या खोलींत हें नांव भिंतीवर लिहून ठेवण्यास हरकत नाहीं.

त्याच देशांतील फ्रान्सिस्को तार्रेगा (१८५२–१९०९) यांनीं तर कौशल्य व भाव यांतील भिंतच पाडली. 'रेक्वेर्दोस दे ला आलांब्रा' या त्यांच्या प्रसिद्ध रचनेंत आंगठा खालच्या स्वरांची चाल धरितो, आणि उरलेल्यांपैकीं तीन बोटें एकाच तारेवर इतक्या त्वरेनें व समानतेनें आळीपाळीनें पडतात कीं, तुटक आघातांचा एक अखंड लांब स्वर भासूं लागतो. म्हणजे जें गिटारीस निसर्गानें नाकारलें होतें तें, स्वराचें टिकणें, मेहनतीनें मिळविलें. हें साधण्यास बोटांस महिनोगणती संथ लयींत राबवावें लागतें. तीन आघातांपैकीं एक जरी लंगडा पडला तरी सारा भास मोडतो. परंतु ऐकणारास त्या राबण्याची आठवण होत नाहीं. त्यास फक्त गतकाळाची हुरहुर ऐकूं येते. खरें कौशल्य आपला पत्ता लागूं देत नाहीं, तें असें.

याच्या उलट टोकाचें उदाहरण प्रत्येक कॅथोलिक घरास ठाऊक आहे. मात्र त्यांत गिटार आहे ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. ऑस्ट्रियांतील साल्झबुर्गजवळच्या ओबेर्नडॉर्फ गांवीं, संत निकोलस यांच्या देवळांत, २४ डिसेंबर १८१८ च्या रात्रीं 'सायलेंट नाइट' हें गीत प्रथम गाइलें गेलें. शब्द साहाय्यक धर्मगुरु योझेफ मोर यांचे. ते त्यांनीं दोन वर्षें आधींच, १८१६ सालीं, लिहून ठेविले होते. चाल शाळामास्तर व ऑर्गनवादक फ्रान्झ ग्रूबर यांची. ती त्यांनीं त्याच दिवशीं बसविली. दोन पुरुषांचे आवाज, आणि साथीस एक गिटार. ती फादर मोर स्वतः वाजवीत होते. ऑर्गनचा भाता उंदरांनीं कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोड कथा मागाहून रचलेली आहे. तिला समकालीन आधार नाहीं. त्या साथींत बोटांची करामत कांहींच नाहीं. थोडेसे साधे स्वरसंघ संथ डोलत जातात इतकेंच. आज तें गीत जगांतील शेंकडों भाषांत गाइलें जातें.

यावरून आमची वडील मंडळी म्हणतील, पाहा, कौशल्याचें काम नाहीं! परंतु घाई करूं नये. ग्रूबर हे अंगीं कसलेले संगीतकार होते. एका दिवसांत दोन आवाजांची निर्दोष रचना बसविणें हें अडाण्याचें काम नव्हे. कोठें थांबावें, हें त्यांस कळलें. साधेपणा हा अज्ञानाचाहि असूं शकतो व ज्ञानाचाहि. ओबेर्नडॉर्फचा साधेपणा दुसऱ्या जातीचा होता.

ख्रिस्तसभेनें या प्रश्नावर काय सांगितलें, तेंहि पाहिलें पाहिजे. परमपूज्य पोप दहावे पायस यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं, म्हणजे संगीताची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशीं, पवित्र संगीताविषयीं आज्ञापत्र काढिलें. देवळांत नाटकी थाटाचें गायनवादन शिरलें होतें; त्यास आळा घालण्याकरितां पियानो व ढोलझांजांसारखीं गोंगाटी वाद्यें त्यांनीं मना केलीं. पुढें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानांत ऑर्गनचा मान कायम ठेवून, योग्य अधिकाऱ्यांच्या संमतीनें इतर वाद्यांसहि वाट करून दिली. मात्र तीं पवित्र कार्यास शोभणारीं व भाविकांच्या उन्नतीस साधक असलीं पाहिजेत. त्या संविधानावर स्वाक्षरी करणारे पोप सहावे पॉल हे पुढच्याच वर्षीं, २ डिसेंबर १९६४ रोजीं, युखारिस्तिक काँग्रेससाठीं आपल्या मुंबईंत आले होते, हें अनेक कुटुंबांच्या स्मरणांत आहे. लोकभाषेंत मिस्सा होऊं लागली, आणि लोकांच्या हातांतील वाद्य लोकभाषेच्या मागोमाग देवळाच्या आंत आलें.

५ मार्च १९६७ रोजीं रोमहून पवित्र संगीताविषयीं जो सूचनालेख निघाला, त्यांतील तीन कलमें आपल्या गायनवृंदानें पाठ करावींत अशीं आहेत. वाद्याच्या आवाजानें गाणाऱ्यांचे शब्द बुडूं नयेत, हें एक. धर्मगुरु वेदीपाशीं येण्यापूर्वीं, अर्पणाच्या वेळीं, ख्रिस्तशरीर-स्वीकाराच्या वेळीं व मिस्साच्या अखेरीस वाद्य एकटें वाजूं शकतें. परंतु आगमनकाल, उपवासकाल, पवित्र त्रिदिन व मृतांच्या मिस्सा यांत तसें वाजवूं नये, हें दुसरें. आणि तिसरें असें कीं, वादकाच्या अंगीं आपलें वाद्य नीट वाजविण्याचें कौशल्य तर असावेंच, परंतु उपासनाविधीच्या अंतरंगांतहि त्यानें शिरलें पाहिजे. पाहा, आमच्या वादाच्या दोन्ही बाजू एकाच वाक्यांत आल्या आणि एकीनेंहि दुसरीस बाहेर घातलें नाहीं!

गोव्याच्या ख्रिस्ती समाजानें हा धडा पिढ्यान् पिढ्या गिरविला. पोर्तुगीज अमदानींत देवळाशीं जोडलेल्या शाळांत मेस्त मुलांस सॉल्फेज घोटवून घेई. हातानें मात्रा मोजीत स्वरांचीं नांवें गाणें हा पहिला पाठ, वाद्य त्यानंतर. तेथून निघालेले वादक मुंबईच्या धोबीतलावाच्या कुडींत उतरले, व हॉटेलांच्या बँडांत आणि पुढें चित्रपटांच्या वाद्यवृंदांत नांवाजले गेले. संगीत-दिग्दर्शक चाल मनांत घेऊन येई. सेबास्टियन डिसोझा (१९०६–१९९६) यांच्यासारखा गोंयकार ती वाद्यवृंदासाठीं कागदावर उतरवी. भाव एकाचा, लेखणी दुसऱ्याची, अशी ही वांटणी वरवर पाहतां दिसते. परंतु ज्याच्या लेखणीस भाव कळला नाहीं, त्याच्या हातून तो भाव पन्नास वादकांपर्यंत कसा पोहोंचावा?

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनीं हें ओळखिलें. देवळाच्या संगीतांत वाढलेल्या या व्हायोलिनवादकानें हिंदुस्थानी रागांचा अभ्यास करून, पाश्चात्य स्वरलेखनांत त्यांची मांडणी करण्याचा उद्योग आरंभिला, आणि १९५८ सालीं इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांत त्याचें वादन घडवून आणिलें. त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनीं १९७७ सालच्या एका चित्रपटगीतांत गुरूचें नांव गुंफून त्यांस मानवंदना दिली. लोकांनीं तें गमतीचें गाणें म्हणून ऐकिलें. त्यांतील गुरुदक्षिणा थोड्यांसच ऐकूं आली.

गिटारीच्या बाबतींत रागसंगीताची अडचण अधिक बिकट होती. आपल्या संगीतांत भाव पुष्कळदां दोन स्वरांच्या मधल्या वाटेवर, मींडेंत असतो. आणि गिटारीचे पक्के पडदे त्या वाटेच्या पायऱ्या करून टाकितात. जोधपूरचे ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८), सरोदवादक अली अकबर खां यांचे शिष्य, यांनीं गिटार आडवी घेऊन तारांवरून दांडी सरकवीत मींड काढण्याचें तंत्र रागसंगीतासाठीं कसून तयार केलें. शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्यासह त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका १९६७ सालीं निघाली. ज्या वर्षीं रोमहून तो सूचनालेख निघाला, त्याच वर्षीं. भाव आधीं मनांत होता. त्यास वाट नव्हती. कौशल्यानें वाट खणली. या क्रमाचें विस्मरण होऊं नये.

आणि आम्हां मराठी कॅथोलिकांस तर याचा पुरावा दूर शोधावयास नको. इंग्लंडांत जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आले. परकी भाषा, परका छंद. परंतु मराठी व ओवी त्यांनीं इतकी आत्मसात् केली कीं, १६१६ सालीं रायतूर येथें छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या दहा हजारांहून अधिक ओव्या येथल्या भाविकांच्या ओठीं बसल्या. नुसत्या तळमळीनें ओवी साधत नाहीं. ती मोजून, घासून, पुन्हां पुन्हां म्हणून साधते. तळमळ होती म्हणूनच त्यांनीं ते कष्ट केले.

तेव्हां निर्णय काय? आमच्या अल्प मतीस असें वाटतें कीं, कौशल्य व भक्ति यांचें भांडण नाहीं; त्यांची जागा निराळी आहे. कौशल्य ही एकांतांत करावयाची तपश्चर्या आहे. आणि भाव हा समुदायांत पारखला जातो. तरुणांनीं गीताचे शब्द आधीं पाठ करावे व मग बोटें बसवावीं. लोक गात असतां गिटारीनें आधार व्हावें, आणि आपली तयारी दाखविण्यास विधीनेंच जी मौनाची जागा राखून ठेविली आहे, तेथें ती निःशंक दाखवावी. वडिलांनींहि एक गोष्ट ध्यानीं धरावी : मुलाचा चुकतमाकत चाललेला सराव हा गोंगाट नव्हे, ती प्रार्थनेची पूर्वतयारी आहे, आणि त्याचें वादन नेमकें व स्वच्छ आहे, एवढ्यावरून तें कोरडें ठरत नाहीं.

हें आजच सांगण्याचें कारण आहे. वरळीच्या चाळी आतां एकेक करून उतरत आहेत. ऑगस्ट २०२५ मध्यें पहिल्या ५५६ कुटुंबांस नव्या उंच इमारतींतील घरांच्या किल्ल्या मिळाल्या. १६० चौरस फुटांत ज्यांनीं संसार केले त्यांस ५०० चौरस फूट मिळावे, ही न्याय्य व आनंदाची गोष्ट होय. त्या घरांत मुलास दार लावून सराव करितां येईल. जें कौशल्यास हवें तें, एकांत, आतां लाभेल. परंतु समोरचें जें दार सरगमेस लोटलें जाई व गाण्यास उघडे, तें तेथें नसेल. आपलें गाणें दुसऱ्याच्या काळजास पोहोंचतें कीं नाहीं, हें त्या मुलास आतां कोण सांगणार? तो बोळ देत असे तें आतां धर्मग्रामानें दिलें पाहिजे. गायनवृंदाची तालीम, घरोघरची जपमाळ, नाताळच्या रात्रींचीं गाणीं, हींच आपलीं उघडीं दारें. तीं लोटलीं गेलीं, तर बोटें तयार होतील आणि गाणें कोणाचेंच राहणार नाहीं.

ओबेर्नडॉर्फचें तें मूळ देऊळहि पुरांच्या उपद्रवामुळें विसाव्या शतकाच्या आरंभीं पाडावें लागलें. त्या जागीं आज एक लहानसें स्मारक-मंदिर उभें आहे. भिंती गेल्या, गीत राहिलें, कारण तें लोकांच्या कंठांत होतें. ज्युबिलीच्या या वर्षीं परमेश्वरानें आमच्या तरुणांच्या बोटांस शिस्त द्यावी, आमच्या वडिलांच्या कानांस धीर द्यावा, आणि उभयतांस एकाच बाकावर बसवून एकाच स्वरांत गावयास लावावें, एवढीच त्याच्या चरणीं प्रार्थना.

— गायनवृंदांतील एक सेवक